वाचून दाखवा

एरंडवण्यातल्या रक्तपेढीच्या तळघरात
एक सर्व्हर, एक स्टूल, आणि भिंतीवर
सायकलच्या दुकानाचं दोन वर्षांपूर्वीचं कॅलेंडर.
इथे बसून मला ठरवायचं होतं
एका वहीच्या दोन वह्या कशा करायच्या
आणि तरी ती एकच कशी ठेवायची.

तन्वीर मोमीनने तक्ता केला होता.
डावीकडे साधनांची नावं, वर त्यांचे गुण.
हे महाग. हे फुकट, पण रात्री दोनला फोन उचलायला कुणी नाही.
हे दोन्हीकडे लिहू देतं.
हे एकीकडेच लिहितं, दुसरीकडे नुसतं गिरवतं.
"गिरवणारा तीन सेकंद मागे असतो," तन्वीर म्हणाला,
"तीन सेकंदांनी काय होतंय?"

मार्चमध्ये झालं होतं.
ओ निगेटिव्हची एकच पिशवी, शेवटचे आकडे ४१७.
इथून ती निघाली होती एका बाळंतिणीसाठी
आणि हडपसरच्या पडद्यावर अजून शीतकपाटात होती,
हिरव्या अक्षरांत: उपलब्ध.
तिथला मुलगा खोटं बोलला नाही.
पडदाही नाही. त्याला कळलं नव्हतं, इतकंच.
रिक्षातून आलेला माणूस रिकामी थर्मासपेटी घेऊन
परत गेला. त्याच्या पेशंटचं पुढे काय झालं
मी विचारलं नाही. विचारायला हवं होतं.

मग दोन्हीकडे लिहू देणारं लावून पाहिलं,
नावापुरत्या पिशव्यांवर, चाचणी म्हणून.
दुसऱ्याच आठवड्यात म्हात्रे पुलापाशी
जेसीबीने रस्त्यासकट फायबर उकरली.
इकडच्याला वाटलं, तिकडचा गेला.
तिकडच्याला वाटलं, इकडचा.
दोघेही मालक झाले आणि कामाला लागले, अगदी मन लावून.
संध्याकाळी तार जुळली तेव्हा
चोवीस पिशव्यांना दोन दोन नशिबं होती
आणि दोन्ही खरी, वेळेच्या नोंदीसकट.
तन्वीरने तक्त्यातली एक ओळ खोडली.
पेन्सिलीने. तो आशावादी आहे.

रात्रपाळीच्या लोणकरबाई संगणकावर विश्वास ठेवतात,
पण उधारीवर.
पिशवी देण्याआधी त्या हडपसरला फोन लावतात
आणि नंबर सांगतात, सावकाश, एकेक आकडा.
"लिहिलंत?"
"हो बाई."
"वाचून दाखवा."
तिकडून आकडे परत येईपर्यंत
त्यांचा हात पिशवीवर असतो. उचलत नाहीत.
मी हे पन्नासदा तरी पाहिलं असेल, चहा पिताना,
आणि जुन्या माणसांची सवय म्हणून सोडून दिलं.

"हडपसरने उचललाच नाही तर?"
"तर भोसरीला लावते. दोघांतला एक तरी जागा असतो.
कुणीच नसला, तर डॉक्टरांना उठवते.
एकटी मी देत नाही."

म्हणजे तीन यंत्रं.
दोघांचं जुळल्याशिवाय नोंद नाही.
एकटं पडेल ते गप्प बसेल.
तक्त्यात हे साधन चौथ्या ओळीत होतं,
पुढे शेरा: संथ. अक्षर माझंच.

विश्वस्तांच्या बैठकीत घैसास म्हणाले,
एवढ्यात एक नवं शीतकपाट आलं असतं.
खरं होतं ते. अजूनही खरं आहे.
मी सही केली तेव्हा जुन्या कपाटाचा कॉम्प्रेसर
भिंतीपलीकडे खोकत होता.

काल गुरुवार. हडपसरची वीज गेली, जशी जाते,
आणि जनरेटर उठेना.
इथे पडद्यावरचं चाक फिरत राहिलं.
बाहेर एक मुलगी हेल्मेट न काढता उभी,
हातात चिठ्ठी.
लोणकरबाईंचा हात पिशवीवर.
मी सेकंद मोजत होते, तन्वीर नखं खात होता.
मग भोसरीहून उत्तर आलं, आणि अक्षरं बदलली: दिली.

बाईंनी पडद्याकडे पाहिलं, मान डोलावली,
आणि तरीही फोन उचलला.